मदत हवी आहे: दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत परसू जिवंत ठेवणारी कोकणातलीच झुडपं कोणती?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात, खाडीच्या तोंडाजवळ आमचं घर आहे. पुढे खळं (अंगण), मागे माड-फणसाची गर्द सावली, उत्तरेला उघडा कातळ आणि पश्चिमेकडून थेट खारा वारा. पावसाळ्यात इथे मुद्दाम काही लावावं लागत नाही. तेरडा, कुर्डू, शेरवडाची पांढरी पानं, सगळं आपोआप येतं. चैत्र-वैशाखात करवंदं आणि आंबे असतातच. माझी अडचण मधल्या काळाची आहे. भातकापणी झाली की गवत पिवळं पडतं, तेरडे वाळतात आणि शिमग्यापर्यंत परसू उघडंबोडकं दिसतं.

याच दिवसांत आजूबाजूच्या डोंगरउतारांवर रानमोडी फुलते. तीही इथली नाही, अमेरिका खंडातून आलेली. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने तिचं रान माजलं होतं, ते फुलून बी धरायच्या आत नुकतंच मुळासकट काढलं. आता ती लांबलचक पट्टी मोकळी आहे आणि तिथे दुसरं काही दाट वाढलं नाही तर रानमोडी परत येणार हे नक्की. नर्सरीत विचारावं तर पॉइन्सेटिया आणि बोगनवेल दाखवतात. एक मेक्सिकोची, दुसरी दक्षिण अमेरिकेची. कुंडीत असतील तर असोत, पण मातीत मला आपल्या रानातलीच झुडपं हवी आहेत, ज्यांच्यावर शिंजीर (फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी) आणि मधमाश्या येतील.

आपल्याकडे थंडीत पानं रंग बदलतात असं फारसं होत नाही. त्यामुळे मी फुलं, शेंगा आणि फळं या तिन्हींचा विचार करतोय. आतापर्यंत मनात असलेली झाडं सांगतो.

मागच्या सावलीत दशमुळी लावायची फार इच्छा आहे. डिसेंबरच्या सुमारास रानात वाटेच्या कडेला तिची निळी-जांभळी फुलं दिसतात आणि जुनी होताना तीच लालसर होतात, म्हणजे एकाच तुऱ्यावर दोन्ही रंग. फुलांमागच्या छदांवरच्या (पानासारख्या आवरणांवरच्या) हिरव्या शिरासुद्धा बघण्यासारख्या असतात. इतकं देखणं झाड परसात कुणी लावत का नाही, हे मला खरंच कळत नाही.

गडग्याच्या उन्हातल्या पट्टीत कोरांटी: काटेरी पिवळी बाहेरच्या बाजूला आणि बिनकाट्याची गुलाबी-जांभळी आतल्या बाजूला. तिच्यासोबत अडुळसा. त्याची पांढरी फुलं थंडीतच येतात आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

कातळाच्या कडेला मुरुडशेंग. लाल फुलं पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस असतात, पण मला ती हवी आहे शेंगांसाठी. पिळाच्या, तपकिरी, वाळलेल्या शेंगा पानं झडल्यावरही फांद्यांवर राहतात. घरात बाळाच्या घुटीसाठी त्या लागतात ते वेगळंच.

आता प्रश्न:

दशमुळीचं रोप रानातून उपटून आणायचं नाही. बियांपासून होते का? बी धरायचं कधी? खाऱ्या वाऱ्याच्या अगदी तोंडावर यातलं काय टिकेल? आणि भात घरात आलं की गावची गुरं मोकळी सुटतात, शेळ्याही असतात. कोवळी रोपं पहिलं वर्ष कशी वाचवायची?

प्रतिसाद

दादा, यादी चांगली आहे. मी दापोलीकडे ही सगळी झाडं वाढवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दशमुळी आणि कोरांटी एकाच कुळातल्या. त्यांची बोंडं वाळली की फुटतात आणि बी लांब उडतं. तुम्ही वेचायला जाईपर्यंत काही उरत नाही. बोंडं हिरवी असतानाच तुऱ्यावर जुन्या मलमलीची सैल पिशवी बांधा. बी कागदी पाकिटात कोरडं ठेवा आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर पेरा. दशमुळीला उघडं ऊन नको, फणसाखालचा पातेरा (गळलेला पालापाचोळा) झाडून टाकू नका, तोच तिला हवा असतो. अबोलीलाही अशीच अर्धी सावली चालते, मग तीही तिथेच लावा. पांढरा चित्रकही थंडीत फुलतो, पण त्याचं मूळ कातडीला लागलं तर फोड येतात. लहान मुलं असतील तर परसात नको.

अडुळसा आणि निर्गुडी फांदीवर लागतात. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या खोचा. मुरुडशेंगेचं बी कठीण कवचाचं, तसंच पेरलं तर उगवायला रडवतं. कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या, मग पेरा.

आत्ता ऑक्टोबरच्या उन्हात काही लावू नका. कातळावर तर नाहीच. आत्ता खड्डे मारून त्यात पातेरा आणि शेणखत भरून ठेवा.

प्रतिसाद

मी वेंगुर्ल्याची. वाऱ्याचं सांगते. समुद्राकडच्या अंगाला पहिली रांग निर्गुडीची आणि करवंदाची करा, बाकी सगळं त्यांच्या आडोशाला. करवंद फुलतं फेब्रुवारीच्या पुढे, पण पान बारमाही आणि काटे असे की शेळीसुद्धा आत शिरत नाही. पहिलं वर्ष मात्र रोपांभोवती काटेरी शिरी (तोडलेल्या फांद्या) लावाव्याच लागतात, त्याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

तुमच्या यादीत दोन झाडं राहिली. एक कुंद. संस्कृतात त्याला माघ्य म्हणतात ते माघात फुलतो म्हणूनच. गडग्यावर सोडा, पसरतो छान. दुसरा बकोरा, नर्सरीवाले ज्याला एक्झोरा म्हणतात तो. पण रानातला तांबडा घ्या, बुटक्या संकरित जाती नकोत. त्याला आपली जांभ्याची आंबट माती मानवते. सिमेंटच्या जोत्याला चिकटून लावलात तर चुन्यामुळे पानं पिवळी पडतील.

कातळाकडे जागा उरली तर धायटी. जानेवारीपासून केशरी-लाल फुलं, आणि शिंजीर दिवसभर हलत नाहीत. मुरुडशेंगेच्या शेंगांबरोबर ती उठून दिसेल.

छाटणीचं लक्षात ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत कोयती घेऊन कोरांटी-अडुळसा कापले तर त्या वर्षाची फुलं गेली. फुलं संपल्यावर, पावसाच्या आधी कापा.

मूळ प्रश्नकर्ता

दादा, ताई, मनापासून आभार. छाटणीचं कळलं ते फार बरं झालं, आमच्याकडे गडी दिवाळीच्या आधीच सगळं साफ करतात. त्यांना आजच सांगतो.

रांगा अशा ठरवतोय: पश्चिमेला निर्गुडी-करवंद, त्यांच्या आडोशाला अडुळसा आणि दोन्ही कोरांट्या, गडग्यावर कुंद, कातळाकडे मुरुडशेंग आणि धायटी, फणसाखाली दशमुळी आणि अबोली. घरात नातवंडं आहेत, चित्रक वगळतो. बकोरा जोत्यापासून लांब, खळ्याच्या कोपऱ्यात.

एकच शंका उरली. ही झुडपं जूनमध्ये लावली तरी पट्टी झाकायला वेळ लागणार, आणि तोवर रानमोडीची रोपं मधूनमधून उगवत राहणार. जमिनीवर पातेऱ्याचा जाड थर दिला तर ती दबतील का, की कुळीथ पेरून जमीन झाकून घेऊ? कुणी दोन्ही करून बघितलं असेल तर सांगा. कुळीथ पेरायचा तर आत्ताच पेरावा लागेल.