खडी नव्हे, दगडाची पाती

घोडनदीकाठच्या फेरफटक्यात नांगरटीत सापडलेल्या मधाळ रंगाच्या धारदार कपच्यांचा, आणि त्याच फेरफटक्यात दिसलेल्या एका केसाळ गोळ्याचा, फोटो वर आलाय, आणि कपच्यांवर ‘रस्त्याची खडी असेल’ असा निकालही लागलाय. मला नाही पटत. तिकडची खडी काळ्या बेसाल्टची. ह्या गारगोटीच्या जातीच्या, कॅल्सेडनीच्या दिसतात.

डावीकडची नीट बघा. लांबट, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, पाठीवर उभा कंगोरा. पोटाकडून नख फिरवलंत तर एका टोकाला बारीक फुगवटा लागेल. दगड फोडताना घाव बसतो तिथे तो येतो. ऊनपावसाने तडकलेल्या दगडाला सहसा तो नसतो. शिवाय त्याच नदीवर, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे ताम्रपाषाणयुगातलं अख्खं गाव उकरून काढलं, त्यात अशी पाती भरपूर मिळाली. तांबं होतं, पण दुर्मीळ. रोजची कापाकापी दगडावरच चालायची.

केसाळ गोळ्याचं सोपं आहे. आत उंदराची धड कवटी आणि घाण वास नाही, म्हणजे घुबडाने ओकलेला. वर जुनी चिंच असेल तर ढोलीकडे नजर टाका (लांबूनच!).

कपच्या मात्र खिशात घालू नका हो. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, गट नंबर टिपा. आणि तिथे खापरं दिसली का? लाल, वर काळी नक्षी असलेली? ती जोर्वे पद्धतीची, म्हणजे त्याच ताम्रपाषाणयुगातल्या भांड्यांची, असू शकतात, त्यांचेही फोटो टाका.