लग्नसराईला हिल्सचा माल भरू की नको? बायका अजून घालतात का?

चपलांचं_दुकान (चिपळूण)
नमस्कार मंडळी, जरा बायकांनी खरं खरं सांगा, आणि पुरुषांनीही सांगितलं तरी चालेल. बाजारपेठेत आमचं चपलांचं दुकान आहे, सासऱ्यांनी टाकलेलं, आता मी आणि नवरा बघतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, आणि मुंबईचा होलसेलवाला आत्तापासून मागे लागलाय की ताई यंदा हिल्स उचला, इन्स्टावर सगळं तेच चाललंय. आता त्याचं काय जातं, तो सेट फोडून देत नाही, एक डिझाईन आवडलं की सगळ्या साईज गळ्यात आणि न खपलेला माल परत घेणार नाही. २०२१ च्या जुलैतल्या पुरात खालच्या रॅकवरचे सगळे बॉक्स गेले आमचे, तेव्हापासून माल भरताना हात आखडतोच.
माझा अनुभव असा की मुलगी येते, पेन्सिल हील पायात घालते, आरशासमोर चार पावलं टाकते, मैत्रिणीकडून फोटो काढून घेते, आणि जाताना फ्लॅट सँडल घेऊन जाते. कॉलेजच्या पोरी तर साडीवर स्नीकर्स घालतायत. मग हिल्स बघतात सगळ्या पण घेतं कोण? की आमच्याकडेच घेत नाहीत आणि ऑनलाईन मागवतात?

रत्नांग्री_वकीलीण
मी घेते. उंची चार फूट दहा, कोर्टात रोज ब्लॉक हील, म्हणजे जाड चौकोनी टाच, आणि कोणी जबरदस्ती केलेली नाही. मला आवडतं बस. कॉरिडॉरमधून चालताना टॉक टॉक आवाज येतो ना, पक्षकाराच्या आधी माझा आवाज पोचतो, ते मला आवडतं 😄 दरवेळी हिल्सचा विषय निघाला की कोणीतरी "पुरुषांसाठी घालता" म्हणून येतंच, अगो बाई माझ्या नवऱ्याला मी कुठली चप्पल घातलीय हे विचारलं तर त्याला रंगसुद्धा सांगता येणार नाही.
पण हे खरं की पेन्सिल हील मी सोडून दिली. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे, पावसात तिच्यावर शेवाळ धरतं, तिथून उतरताना साध्या चपलेनेच जीव मुठीत असतो. हिल्स पिशवीत, पायात रबरी चप्पल, आणि कोर्टाच्या पायरीवर बदलायची. माझ्या ओळखीच्या अर्ध्या बायका असंच करतात, त्यामुळे रस्त्यावर हिल्स दिसत नाहीत म्हणजे कोणी घेत नाही असं समजू नकोस.

मालवणी_आवस
माझ्या चेडवान गेल्या वर्साक लग्नात ही एवढी उंच टाचेची सँडला घातल्यान. मुंबैसून मागवलेली. पंगतीक बसासर ती सँडला माझ्या पिशयेत आणि माझी स्लिपरा तेच्या पायात. मगे मी काय घातलंय? काय नाय, अनवाणी फिरलंय सगळ्या मांडवात. दोन जोड ठेव बाये, जास्त ठेव नको.

फोटोवाला_गुहागर
लग्नाचे फोटो काढतो त्यामुळे बायकांच्या पायांकडे बघावं लागतं, गैरसमज नसावा 🙏 एक गोष्ट दुकानवाल्या ताईंना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आपल्याकडच्या लग्नात मुहूर्ताला नवरी अनवाणीच असते, अंतरपाट धरला की चपला मांडवाबाहेर. उंचीत फार फरक असेल तर तिच्या पायाखाली पाट सरकवतात, हिल्स लागतातच कशाला. म्हणजे हिल्स येतात त्या फक्त रिसेप्शनला, आणि आता रिसेप्शन कुठे होतं ते बघा. हॉल असेल तर फरशी, ठीक. पण हल्ली समुद्राकडेला लॉनवर किंवा माडाच्या बागेत ठेवायची टूम निघाली आहे, तिथे पेन्सिल हील गवतातून सरळ खाली जाते. एका लग्नात नवरी स्टेजकडे चालत होती, व्हिडिओ चालू, आणि मधेच थांबली, टाच मातीत रुतून बसली होती, तशीच अर्धी वाकून ओढत होती आणि मागून करवल्या हसतायत. शेवटी तिने दोन्ही काढून करवलीच्या हातात दिल्या आणि अनवाणी आली. घरच्या अंगणात मांडव असेल तर खाली ताडपत्री आणि वर कार्पेट, त्याच्या फटीत अडकते ते वेगळंच.
आणि साडी. फॉल लावताना हिल्स घालून उंची मापली असेल तर हिल्स काढल्यावर साडी चार बोटं लोळते, मग सगळी संध्याकाळ निऱ्या उचलत फिरायचं. वेजेस, म्हणजे तळव्याखाली सलग भरीव टाच, नाहीतर जाड टाच घातलेल्या नवऱ्या मात्र शेवटपर्यंत नाचतात, हे मी हजारदा बघितलंय.

चपलांचं_दुकान (चिपळूण)
@फोटोवाला हे भारीच, लॉनचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता गिऱ्हाइकाला आधी विचारीन की रिसेप्शन कुठे आहे 😂

कुडाळचा_चप्पलवाला
ताई मी पण त्याच धंद्यात. तुमचा होलसेलवाला सोल कुठला देतोय ते विचारलंत का? आपल्या हवेत हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. पीयू सोल, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, दमट हवेत आतून विरत जातो, ओलाव्याने त्याची रासायनिक साखळीच तुटते, बाहेरून जोड नवाकोरा दिसतो आणि एक दिवस लग्नाला म्हणून कपाटातून काढून घातला की दहा पावलांत सोलचा चुरा. बाई येते भांडत, की तुमच्याकडून घेतली आणि एकदाच घातली. एकदाच घातली म्हणूनच गेली हो, रोज घालणारी तोवर झिजवून मोकळी होते, कपाटात बंद करून ठेवलेली जास्त मरते. हिल्स म्हणजे वर्षातून दोनदा निघणारा जोड, मधले चार महिने पाऊस, बंद खोका, वरून रेक्झिनला बुरशी. म्हणून मी हिल्समध्ये टीपीआर, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचा सोलच मागतो, थोडा जड असतो पण भुगा होत नाही. आणि मागच्या सीझनचा पीयूचा स्टॉक स्वस्त देतो म्हणाला तर हात जोडा.
पेन्सिल हीलची अजून एक भानगड. त्या बारीक टाचेच्या आत लोखंडी सळी असते, त्याशिवाय एवढ्या बारीक काडीवर माणसाचं वजन पेलणारच नाही, आणि खाली छोटीशी टीप. ती टीप झिजली की सळीचं टोक फरशीवर घासतं, बाई घसरते. बदलायला पाच मिनिटं लागतात पण टिपा ठेवतो कोण? तुम्ही ठेवा, चप्पल न घेणारी बाईपण टीप बदलायला येईल आणि येता येता काहीतरी बघेल.
बाकी २५०० च्या आतल्या जोडावर जीएसटी ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे ब्लॉक हीलमध्ये बऱ्या क्वालिटीचा माल आता गिऱ्हाइकाला जड जात नाही. पेन्सिलचा एक जोड शोकेसला ठेवा, ती दुकानाची शोभा, विक्री ब्लॉक आणि वेजेसची.

शिफ्टवाली
मला हिल्स नको झाल्यात, आणि आवडत नाहीत म्हणून नव्हे. आधी एका रिसॉर्टच्या फ्रंट डेस्कला होते, नाव नको, तिकडे मुलींना काळे बंद हिल्स कम्पल्सरी, मुलगे मात्र सपाट बुटात. पूर्ण शिफ्ट उभं राहायचं, बसलेलं दिसलं की मॅनेजरचा फोन. रात्री घरी आले की आई गरम पाण्यात मीठ टाकून बादली पुढे करायची आणि म्हणायची नोकरी सोड नाहीतर पाय सोड. आता दुसरीकडे आहे, स्नीकर्स चालतात, गिऱ्हाइकाला काही फरक पडलेला नाही, त्यांना फक्त रूमची चावी आणि वायफायचा पासवर्ड हवा असतो.
हे फक्त आपल्याकडेच नाही हां. जपानमध्ये २०१९ ला युमी इशिकावा नावाच्या बाईने ऑफिसात हिल्सची सक्ती नको म्हणून मोहीम चालवली, आणि पुढच्या वर्षी जपान एअरलाईन्सने हवाई सुंदऱ्यांवरची सक्ती काढली. फिलिपीन्समध्ये २०१७ ला सरकारनेच ऑर्डर काढली की कंपनीने उंच टाचा लादायच्या नाहीत. आपल्याकडे आकासा एअरने २०२२ ला सुरुवातच केली ती क्रूला स्नीकर्स देऊन. म्हणजे घालायचं का नाही हा प्रश्न नाहीच आहे, कोण घालायला लावतंय हा प्रश्न आहे. वकीलीणबाई हौसेने घालतात त्यांना माझं काही म्हणणं नाही, त्यांना पायरीवर बदलता येतात, मला येत नव्हत्या.

रत्नांग्री_वकीलीण
@शिफ्टवाली शंभर टक्के मान्य. सक्ती असती तर मीपण पहिल्या दिवशी काढून फेकल्या असत्या. फक्त ती सक्ती दिसते ना की लोक लगेच हिल्सलाच शिव्या घालायला लागतात, तेवढं मला पटत नाही.

इतिहासाचा_किडा
मधेच घुसतो, पण हिल्स मुळात पुरुषांच्या. इराणी घोडेस्वार टाचेचे बूट घालायचे, रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून, म्हणजे उभं राहून बाण मारता येतो. सोळाव्या शतकाच्या शेवटाला इराणचा बादशहा शाह अब्बास याचे दूत युरोपात गेले आणि तिथल्या सरदारांना ती फॅशन चढली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं १७०१ चं प्रसिद्ध चित्र शोधून बघा, एवढा मोठा राजा, पायात लाल टाचा आणि पोटऱ्या दाखवत उभा. पुढे पुरुषांनी सोडल्या आणि बायकांच्या गळ्यात, म्हणजे पायात, पडल्या. आता गुहागरच्या नवरदेवाने शेरवानीवर लाल टाचा घातल्या तर फोटोवाले काका काढाल का फोटो?

फोटोवाला_गुहागर
काढीन की, पैसे आधी द्या. आणि नवरदेव घालतातच हो, बुटाच्या आत दोन इंचाची उंची वाढवणारी गादी असते, मोजडीतसुद्धा टाकतात. बोलत नाहीत एवढंच.

चवडा_घोटा_पोटरी
फिजिओथेरपिस्ट आहे, दापोली साईडला. घाबरवायला आले नाहीये. टाच जितकी उंच तितकं वजन पुढे चवड्यावर जातं, टोक निमुळतं असेल तर अंगठा आत दाबला जातो, वर्षानुवर्षं हेच चाललं की अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं, ज्यांच्या घराण्यात ते आहे त्यांना लवकर. रोज उंच हिल्स घालणाऱ्यांची पोटरी आखडते, मग एकदम सपाट चपलेत चालायला लागलं की मागची शीर ओढते आणि बायका म्हणतात बघा मला फ्लॅटच सोसत नाही. सोसतं, पण हळूहळू खाली यायचं, एका आठवड्यात नाही.
पण माझ्याकडे टाचदुखीच्या ज्या बायका येतात त्यातल्या बहुतेकींनी आयुष्यात हिल्स घातलेल्या नाहीत. झिजलेली पातळ स्लीपर, दिवसभर फरशीवर उभं, नाहीतर काजूच्या फॅक्टरीत उभ्याचं काम. त्यांना मी उलट थोडी उंच, इंचभर टाचेची, मऊ गादीची चप्पल सांगते. म्हणून सपाट ते चांगलं आणि उंच ते वाईट असं सरसकट नाही. दोन इंचाच्या आत, रुंद टाच, घोट्याला पट्टा, पुढे बोटं मोकळी, एवढं असेल तर लग्नाची एक संध्याकाळ काही होत नाही. फक्त लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा घालू नका, आधी घरात घालून भांडी घासा, केर काढा. पट्टा टोचतोय कुठे ते तेव्हाच कळतं.
दुकानवाल्या ताई, पट्टा नसलेल्या हिल्स कमीच घ्या. घोटा मुरगळून येणाऱ्यांची चप्पल मी विचारते, बऱ्याचदा मागून उघडी असते.

पुण्यातून_चिपळूणकर
मी ऑनलाईन मागवते त्याचं कारण सांगू का, तुमच्याकडे ३५ नंबर नसतो. आणि मोठ्या पायाच्या माझ्या जावेला ४१ मिळत नाही. मधल्या साईजवाल्यांना सगळीकडे मिळतं, त्यांच्यासाठी कशाला सेट भरताय. परवडत असेल तर टोकाच्या साईज ठेवा, आम्ही बायका गावभर सांगत फिरू.

चपलांचं_दुकान (चिपळूण)
सगळ्यांचे आभार, एवढं डोकं होलसेलवाल्याने पण लावलं नसेल. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, तो म्हणतो पेन्सिल एकही नको, मी म्हणते एक शोकेसला राहू दे, त्यावर अजून वाद चालू आहे. बाकी ब्लॉक हीलचे दोन सेट, वेजेसचा एक, सगळं टीपीआर आणि घोट्याला पट्टा. होलसेलवाल्याला सोल विचारला तर म्हणाला "ताई तुम्ही आधी कधी विचारलं नव्हतं", म्हणजे बघा. टिपांचं पाकीट पण मागवलंय, बदलायला नवरा शिकतोय.
३५ आणि ४१ चं बोलले, तो सुटे द्यायला तयार आहे पण रंग निवडून नाही देणार म्हणतो, काळा नाहीतर सोनेरी.

पुण्यातून_चिपळूणकर
सोनेरी ३५ माझा. दिवाळीला येतेय तेव्हा घेईन, कोणाला दाखवू नका. जावेसाठी ४१ काळा ठेवा, ती घालून बघेल आणि मग ठरवेल, तिचं काही सांगता येत नाही.

मालवणी_आवस
आणि स्लिपरा पण ठेव गो, रबराची. हिल्स घेतल्यान त्येका तीच लागतली.