एस्टीमला मोठा कॅम टाकावा का? रोज कर्वे रोड, महिन्यातून दोनदा ताम्हिणी

कोथरूडकर
गाडी २००४ ची मारुती एस्टीम, १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्हचं ८५ बीएचपीवालं इंजिन. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. पुनर्नोंदणी झालेली आहे, कागद चोख आहेत. रोजचा रस्ता पौड रोड, नळ स्टॉप, डेक्कन आणि परत. महिन्यातून दोन रविवारी पहाटे ताम्हिणी घाट, नाहीतर वरंधा.

चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी दम सोडते. फिल्टर बदलला, प्लग बदलले, फरक नाही. इंजिनाने श्वास किती आणि कधी घ्यायचा हे शेवटी व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ठरवतो, मग वरवरची मलमपट्टी कशाला करायची? त्याचे लोब (व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे) घासून लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) आणि ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो) वाढवून घ्यायचं माझ्या मनाने घेतलं आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी कारणासकट लिहावं.

पौडफाटा
माझा विरोध आहे.

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. १०० न्यूटन मीटर टॉर्क ३,००० ला मिळाला तर साधारण ३१ किलोवॅट होतात, तेवढाच ६,००० ला मिळाला तर ६३. मोठा कॅम हेच करतो. इनटेक व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवून टॉर्क वरच्या आरपीएमकडे ढकलतो. पण व्हॉल्व्ह उशिरा मिटला की कमी आरपीएमला पिस्टन वर येताना भरलेली हवा परत इनटेकमध्ये ढकलली जाते. म्हणजे २,००० ला आज जे आहे त्यातूनच तुम्ही काढून देणार.

आता नळ स्टॉपला संध्याकाळी सात वाजता तुमचा काटा कुठे असतो ते बघा. हजार ते अडीच हजार. तासाभराच्या त्या रांगेत हाफ क्लचवर गाडी खेचताना खालचा टॉर्कच कामाला येतो. ताम्हिणीतल्या वीस मिनिटांसाठी महिन्याचे अठ्ठावीस दिवस बिघडवायचे, हा सौदा मला पटत नाही.

घाटप्रेमी
पौडफाटा, तुम्ही रेसचा कॅम डोळ्यासमोर ठेवून बोलताय. ड्युरेशन दहा-बारा अंशांनी वाढवलेला सौम्य कॅमसुद्धा असतो की. माझ्या जुन्या झेनमध्ये तसाच होता, आठ वर्षं वापरला. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये थोडं जास्त रेस करावं लागायचं, हे मान्य. पण कात्रजच्या चढाला दुसऱ्यात गाडी जशी ओढायची, तसा आनंद मला नंतरच्या कुठल्याच गाडीने दिला नाही.

आणि कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रात व्हीटेक आणलं ते कशासाठी? वरच्या आरपीएमला मोठा लोब लागतोच म्हणून.

पौडफाटा
तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतो. व्हीटेकमध्ये एकाच शाफ्टवर खालच्या आणि वरच्या आरपीएमसाठी वेगवेगळे लोब आहेत, आणि तेलाच्या दाबाने पिन सरकून रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे) एकमेकांत अडकतात तेव्हाच मोठा लोब कामाला लागतो. एका लोबवर दोन्ही भागलं असतं तर होंडाने एवढा खटाटोप केला असता का? एस्टीममध्ये ती सोय नाही. मोठा लोब टाकला की तो आयडलिंगलाही मोठाच राहतो.

घाटप्रेमी
सोय नाही हे खरं. पण कारखान्याचा कॅमसुद्धा तडजोडच असतो ना? मायलेज, प्रदूषण, नवशिका ड्रायव्हर, सगळ्यांना सांभाळून केलेली. मालकाने स्वतःच्या वापरासाठी ती तडजोड थोडी दुसऱ्या बाजूला सरकवली तर बिघडलं कुठे? गाडी त्याची, रविवार त्याचा.

भोसरीचा टर्नर
मी मशिन शॉपमध्ये काम करतो, कॅम हाताखालून गेलेत. घासून लिफ्ट वाढवायची म्हणजे लोबवर धातू चढत नाही. लोबच्या पाठीचा गोल भाग, म्हणजे बेस सर्कल, लहान केला जातो, मग टोक त्या मानाने उंच होतं. यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

बीडाच्या कॅमवर कडक थर वरवरचाच असतो. जास्त घासला की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये लोब झिजतो. दुसरं, बेस सर्कल लहान झालं की टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारा स्क्रू तेवढा खाली आणावा लागतो, त्यामुळे रॉकरचा कोन बदलतो आणि त्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागाची जागा सरकते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉल्व्ह जास्त खोल उतरणार, तेव्हा पिस्टनशी अंतर मोजल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती लावायची, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि माती कापून जाडी बघायची. इनटेकला दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला त्याहून थोडं जास्त राहिलं पाहिजे. जुन्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात का, तेही बघायचं.

सोळा व्हॉल्व्ह असले तरी एस्टीममध्ये कॅम एकच आहे. ॲडजस्टेबल पुली लावली तरी इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकत्रच पुढेमागे होतात, दोघांमधला कोन लोब घासतानाच कायमचा ठरतो.

पण दादा, आधी मला एक सांगा. आहे तो कॅम मोजलात का? चार हजारांनंतर दम सोडणं ही या इंजिनाची खोड नाही. कमाल पॉवर सहा हजाराला येते त्याची. डायल गेज लावून एकेक लोब मोजा, आणि टायमिंग बेल्टच्या खुणा जुळतात का बघा. एक दात चुकला तरी असंच होतं.

पुणे १४
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करू नये. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅम बाहेरून दिसत नाही, पण विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दावा अडू शकतो. मोठ्या कॅममुळे ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, वाढला की आयडलिंगला न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून जातं, म्हणून पीयूसीही अवघड होतं.

पौडफाटा
धुराइतकीच व्हॅक्यूमची काळजी करा. या गाडीचा संगणक इनटेकमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतो. ओव्हरलॅपमुळे आयडलिंगचा व्हॅक्यूम पडला की त्याला वाटतं इंजिनावर भार आलाय, आणि तो पेट्रोल वाढवतो. इंजिन डुगडुगतं, प्लग काळे होतात. ब्रेकचा बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर चालतो. घाट उतरताना गिअरमध्ये असाल तोवर व्हॅक्यूम भरपूर मिळेल, पण रांगेत सरकत असताना दोन-तीनदा पटापट ब्रेक दाबला की पेडल जड झालेलं जाणवेल. कुटुंबाला घेऊन फिरायच्या गाडीत मला हे अजिबात चालणार नाही.

घाटप्रेमी
सौम्य कॅमला एवढं होत नाही, पण ट्यूनिंग लागतं हे कबूल. नुसता कॅम टाकून संगणकाला हात न लावणारे नंतर कॅमला शिव्या देतात. आणि मोजायला सांगितलं ते शंभर टक्के बरोबर.

कोथरूडकर
काल सुट्टी होती, मोजून घेतलं. टायमिंगच्या खुणा जुळल्या. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना १७० पीएसआयच्या आसपास, एकमेकांत पाचाचा फरक. इथपर्यंत मी खूश होतो. मग डायल गेज लावला. तिसऱ्या सिलिंडरचा एक इनटेक लोब बाकीच्यांपेक्षा ०.७ मिलिमीटरने बसका निघाला. रॉकरच्या तोंडावर खड्डे आहेत. चौथ्याच्या एका लोबवरही ओरखडे दिसतात.

मागचा मालक कोणी नाही, गाडी घरचीच. मधली काही वर्षं ऑइल बदलायला आम्ही उशीर केला, हे मला मान्य करावं लागेल. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

भोसरीचा टर्नर
कॉम्प्रेशनमध्ये हे दिसत नाहीच. स्टार्टरवर इंजिन इतकं हळू फिरतं की कमी उघडलेल्या व्हॉल्व्हमधूनही सिलिंडर भरतो. वरच्या आरपीएमला वेळ अपुरा पडतो तेव्हा उणीव दिसते. आता हा कॅम घासायचा विषय सोडा. सगळे लोब त्या बसक्या लोबाच्या मापाला आणायचे तर कडक थर उरणार नाही.

घाटप्रेमी
मग आता तर नवीनच शाफ्ट घ्यायचाय. इंजिन उघडतंय, मजुरी एकदाच जाते. चांगल्या शाफ्टवर सौम्य प्रोफाइल घासून घ्या. स्टँडर्ड टाकाल आणि सहा महिन्यांत पुन्हा हाच विषय काढाल.

पौडफाटा
नाही. ज्या गाडीचं पूर्ण निरोगी इंजिन तुम्ही गेली कित्येक वर्षं चालवलेलंच नाही, तिला ताकद कमी पडते हे ठरवणार कसं? स्टँडर्ड कॅम, नवे रॉकर, आणि ॲडजस्टेबल पुली मिळाली तर तीन-चार अंश पुढे. इनटेक लवकर मिटेल, खालची ओढ वाढेल. हाच कर्वे रोडचा कॅम.

कोथरूडकर
स्टँडर्ड शाफ्ट आणि रॉकरचा पूर्ण संच घेतोय, नाना पेठेत विचारून ठेवलं आहे. पुलीचं नंतर बघू. घाटप्रेमी, तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. आधी ताम्हिणीत कारखान्याचे ८५ बीएचपी चालवून बघतो.

घाटप्रेमी
चालेल. पण पाच हजाराच्या पुढे ओढून या आणि खरं काय ते लिहा.

भोसरीचा टर्नर
बसवताना प्रत्येक लोबवर आणि रॉकरच्या तोंडावर असेंब्ली पेस्ट लावा, नुसतं ऑइल नको. ऑइल आणि फिल्टर नवे. सुरू झाल्यावर आयडलिंगला सोडू नका, पहिली वीस मिनिटं दोन हजारांच्या आसपास धरा, कारण कमी आरपीएमला लोबवर ऑइल कमी उडतं. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल काढा आणि टॅपेट पुन्हा तपासा. काढलेल्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवून बघा आणि काय चिकटलं ते सांगा.