छापील गंजिफा घेतली तर कुणाचं काय बिघडतं?

भटक्या_बोका (धागाकर्ता)

ऑनलाइन भटकताना हल्ली दोनच जातीच्या वस्तू पुढ्यात येतात. एक म्हणजे यूएसबीवर चालणारं काहीतरी अजब: चहाचा कप कोमट ठेवणारी चकती, डोकं खाजवून देणारा तारांचा कोळी, असलं काहीबाही. दुसरी जात ‘हॅन्डमेड’. या दुसऱ्या जातीत परवा सावंतवाडीची दशावतारी गंजिफा दिसली. तिच्याच खाली ‘तुम्हाला हेही आवडेल’मध्ये छापील दशावतारी गंजिफा होती. वरची काही हजारांना, खालची दोन सिनेमाच्या तिकिटांच्या भावात. मी खालची मागवली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, तर ‘कलेचा गळा घोटलास’ म्हणून जो मार पडला, तो अजून चालूच आहे. म्हणून हा धागा.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबराच्या आठवणींत १५२७ साली त्याने सिंधमध्ये कुणाला तरी गंजिफा पाठवल्याची नोंद आहे, म्हणजे आपल्याकडे खेळ पाचशे वर्षांचा तरी झाला. मोगल गंजिफेत ८ रंग आणि ९६ पानं. दशावतारीत दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण १२० पानं.

माझं म्हणणं एवढंच, की हा खेळ आहे आणि तो खेळला जायला हवा. हाताने रंगवलेला, हजारो रुपयांचा संच आणून कोण पिसणार? तो चौकटीत बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर जातो, खाली इवलासा दिवा लावतात आणि पाहुण्यांना ‘हे आमचं हेरिटेज’ म्हणून दाखवतात. छापील संचावर निदान तीन माणसं सतरंजीवर बसतील, वर चहा सांडेल, एखादं पान सोफ्याखाली जाईल. गेलं तर गेलं.

बोला आता.

चिंचोका

सपशेल असहमत. माझं आजोळ सावंतवाडी, त्यामुळे जरा जास्तच बोलेन.

एक पान कसं होतं ते आधी बघा. जुन्या पद्धतीत कापडावर चिंचोक्याच्या खळीचे थर द्यायचे, वाळवायचे, वर पांढऱ्याचा हात द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं. मग गोल कापायचं, रंगाची जमीन भरायची, बारीक कुंचल्याने चित्र काढायचं आणि शेवटी लाख. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे असतात. हाताच्या पानावर त्यातला एकही मासा दुसऱ्याची नक्कल नसतो. कुणाचं शेपूट आखूड, कुणाचा डोळा वर चढलेला. तुमच्या संचातली दश्शी काढा आणि मासे जुळवून बघा. एकच मासा दहादा चिकटवलेला निघेल. भिंग असेल तर तेही लावा, चार रंगांचे ठिपके दिसतील.

पण छपाईवर माझा राग नाही. मला एकच सांगा, तो एक मासा कुणी काढला? विक्रेत्याने काढला नाही, हे मी इथे बसून सांगते. कुठल्या तरी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून किंवा आमच्याकडच्या एखाद्या चितारणीच्या कामाचा फोटो घेऊन उचलला असणार. तिच्या हाती त्यातला रुपयासुद्धा पडलेला नाही.

आणि हेही लक्षात घ्या. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात हे काम परत उभं केलं, तेव्हा ते येणारे हात जवळपास संपलेच होते. आज राजवाड्यात गेलात तर दरबार हॉलमध्ये कलाकार रंगवत बसलेले दिसतात. ते तिथे बसतात याचं कारण कुणीतरी त्या भिंतीवरच्या चौकटीसाठी पैसे मोजतं. हसा चौकटीला, पण चूल तीच पेटवते.

अंमळ_आळशी

१२० पानं? आमच्याकडे रमीला बसताना ५२ पूर्ण निघाली तर सत्यनारायण घालतात.

भटक्या_बोका

चिंचोकाताई, मासे जुळवले. एकच मासा आहे. मान्य.

पण आता माझंही ऐका. जुन्या काळीही गंजिफेत दोन प्रती होत्या: दरबार कलम आणि बाजार कलम. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची, सोन्याचं काम केलेली. बाजारातल्या माणसासाठी कापडाची नाहीतर कागदाची, चार फटकाऱ्यांत काढलेली. गावोगाव खेळ पोचला तो या दुसऱ्या प्रतीमुळे, हस्तिदंती संच कुणी पारावर नेला नसणार. पुढे युरोपातून ५२ पानांचे छापील पत्ते आले आणि स्वस्ताईवर त्यांनी गंजिफेला आडवं केलं. म्हणजे गंजिफा मागे पडली ती स्वस्त प्रत टिकली नाही म्हणून. माझा छापील संच आजचा बाजार कलमच आहे की!

चिंचोका

दाखला चांगला आहे, पण तुमच्याच अंगावर येतो. बाजार कलमाची पानंही चितारीच काढत होते. स्वस्त गंजिफा विकली गेली की पैसा त्याच आळीत जायचा. आज तुमचे पैसे चितारआळीत गेले नाहीत, कुठल्या गोदामात गेले ते तुम्हालाही ठाऊक नाही. पाकिटावर चित्रकाराचं नाव आहे का? गावाचं?

भटक्या_बोका

पाकिटावर ‘रॉयल इंडियन हेरिटेज’ आहे आणि एक मोर आहे.

चिंचोका

मोर! दशावतारात!

दूरदेशी

न्यू जर्सीहून. मी इथे क्रोशाची तोरणं आणि रुखवताच्या वस्तू विकते, त्यामुळे ‘हॅन्डमेड’ या शिक्क्याचं काय होतं ते जवळून बघते आहे.

एट्सी ही ऑनलाइन विक्रीची साइट. २००५ मध्ये सुरू झाली ती हाताने बनवणाऱ्यांचा बाजार म्हणून. २०१३ मध्ये नियम बदलला आणि विक्रेत्याला बाहेरच्या कारखान्याकडून माल करून घ्यायची मुभा मिळाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये विक्रीवरचं कमिशन ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के झालं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. त्यांच्या मागण्यांत नुसतं कमिशन नव्हतं, हाताचं म्हणून घाऊक माल खपवणाऱ्यांना आवरा हेही होतं. २०२४ पासून वस्तूवर लिहावं लागतं, की विक्रेत्याने ती स्वतः बनवली, नुसती आखून दिली, की दुसरीकडून आणली.

थोडक्यात, हाताने बनवलं म्हणजे नेमकं किती हाताने, हे बाजाराला स्वतःलाच धड ठरवता आलेलं नाही. म्हणून मी बोकोबांच्या बाजूने. त्यांची गंजिफा छापील आहे आणि छापील म्हणूनच विकली गेली. मला त्रास होतो तो ‘हॅन्डमेड’ लिहून छापील विकणाऱ्यांचा. माझ्या तोरणाचा फोटो उचलून एका विक्रेत्याने यंत्रावर विणलेला माल माझ्या निम्म्या किमतीत लावला होता. फोटोत माझ्या स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा तशीच! असल्यांच्या तुलनेत मोरवाला प्रामाणिकच म्हणायचा.

ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी वस्तूचा फोटो चित्रशोधात टाकून पाहावा. तोच फोटो पाच दुकानांत पाच नावांनी दिसला, तर कारागीर वगैरे काही नाही, माल चीनमधल्या यीवूच्या घाऊक बाजारातला असण्याचीच शक्यता जास्त.

खटपट्या

सगळे ‘कुठली घ्यावी’ यावर भांडताय. घेऊच नका की!

केनजी कावाकामी नावाचा एक जपानी गृहस्थ. ऐंशीच्या दशकात एका मासिकासाठी त्याने विचित्र यंत्रांची चित्रं द्यायला सुरुवात केली आणि त्या प्रकाराला चिंदोगू हे नाव दिलं. जेवायच्या काड्यांना जोडलेला, नूडल्स गार करणारा चिमुकला पंखा. सर्दीवाल्यांसाठी डोक्यावर बसवलेला टॉयलेट पेपरचा रोल. रांगत्या बाळाच्या अंगरख्याला शिवलेलं पोछ्याचं कापड, म्हणजे बाळ रांगेल तशी फरशी पुसून निघेल. चिंदोगूचे दहा नियम आहेत. वस्तू खरोखर बनलेली हवी, जवळपास निरुपयोगी हवी, तिचं पेटंट घ्यायचं नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती विकायची नाही. एकदा विकली की ती चिंदोगू उरत नाही.

हे फार शहाणपणाचं आहे. माणसाने डोकं लढवून काय काय केलं ते बघायचं, हसायचं, पुढे जायचं. बोकोबांचा तारांचा कोळी असो की चिंचोकाताईंची गंजिफा, बघण्यात जेवढी मजा आहे तेवढी घरात आणून धूळ पुसण्यात नाही. जगातली निम्मी अडगळ ‘किती गोड!’ या दोन शब्दांतून जन्माला येते.

दूरदेशी

कावाकामींच्याच १९९५ च्या पुस्तकात कॅमेरा लांब धरून स्वतःचा फोटो काढायची काठी आहे, निरुपयोगी वस्तू म्हणून. पुढे तीच सेल्फी स्टिक म्हणून जगभर खपली. निरुपयोगी काय ते ठरवायची घाई नको.

खटपट्या

सेल्फी स्टिक उपयोगी आहे हे तुम्ही धरूनच चाललात.

उंबरठा

अवांतर: आमच्या सूनबाईंच्या परदेशी मैत्रिणीने आमची विळी बघितली. पाय दुमडून बसायचं, पातं उभं, भाजी पात्याकडे न्यायची आणि टोकाला नारळाची खवणी. तिने व्हिडिओ काढून टाकला आणि खाली लोक विचारतायत, हे कुठे मिळेल, भिंतीवर लावायचं आहे. धाग्यात विळीची भर घालून पळते.

तिसरा_गडी

इथे किंमत झाली, कला झाली, जपान झालं, विळीही झाली. खेळाबद्दल कुणी बोललंच नाही. मी खेळतो. दशावतारीच.

तीन गडी, प्रत्येकी ४० पानं. हुकूम नसतो. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो, म्हणजे पहिलं पान टाकतो, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, उरलेल्या पाचांत उलटं: प्रधानाखाली एक्का, आणि दश्शी तळाला. कुठली पानं पडली, कुठल्या रंगात आता कोण सर्वांत मोठं उरलं, हे डोक्यात ठेवायचं. सगळा खेळ या आठवणीचा आहे. पिसतानाही इंग्रजी पत्त्यांसारखं हातात फरफर करायचं नाही. चादरीवर सगळी पानं पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची.

आता मुद्दा. ४० गोल पानं हातात धरली की प्रत्येकाची जेमतेम चंद्रकोर दिसते. त्या कोरेवर मासा नसतो, कासव नसतं, परशू नसतो. तिथे दिसते फक्त जमीन, म्हणजे चित्राच्या मागे भरलेला रंग. म्हणून प्रत्येक अवताराची जमीन वेगळी असते आणि खेळणारा चित्र न बघता नुसत्या कडांवरून पानं लावतो. माझ्या मुलाने हौसेने एक छापील संच आणला होता. जुना वाटावा म्हणून छापणाऱ्याने सगळ्या पानांना एकच मळकट चहाचा रंग दिलेला! चौकटीत सुंदर दिसेल. खेळायला बसलो तर प्रत्येक पान उपसून बघावं लागत होतं. पहिला डाव अर्ध्यात सोडून आम्ही भजी खाल्ली.

तेव्हा बोकोबा, तुमचा सिद्धांत मला पटतो. खेळायला स्वस्त संच हवाच, हाताच्या संचावर मीही नवशिक्याला बसू देत नाही. पण बाजारात जो छापील माल आहे, त्यातला बराचसा खेळण्यासाठी छापलेलाच नाही. तोही शोभेचाच आहे, फक्त स्वस्त शोभेचा. तुमच्या संचाच्या कडा बघून सांगा.

भटक्या_बोका

बघितल्या. सगळ्या बदामी.

पण यात छपाईचा काय दोष? छापणाऱ्याने कधी डाव मांडला नव्हता, एवढंच सिद्ध होतं. खेळणाऱ्याने आखलेला छापील संच आला तर मी पहिला गिऱ्हाईक. उलट राजवाड्यानेच असा एक काढावा, त्यांच्याच कलाकारांच्या चित्रांवरून, नावानिशी. मग ताईंनाही तक्रार राहणार नाही.

चिंचोका

राहील. नावानिशी छापला, मानधन दिलं, तर घेणाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही. पण एकदा छापील संच राजवाड्याच्याच टेबलावर शेजारी ठेवला, की दहातले नऊ पर्यटक तोच उचलणार. आमच्याकडे लाकडी फळांचं बघते ना मी. पांगाऱ्याच्या लाकडाचा, हाताने रंगवलेला आंबा एका बाजूला, प्लास्टिकचा दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईक दोन्ही हातात घेतं, लाकडाच्याचं कौतुक करतं आणि प्लास्टिकचा पिशवीत टाकतं. मग पुढच्या पिढीने कुंचला धरायचा कशासाठी? मूळ चित्र एकदा काढून झालं की छापखान्याला चितारी लागत नाही.

दूरदेशी

हे थोडं एकतर्फी वाटतं. माझ्याकडे आधी स्वस्त वस्तू घेऊन नंतर महाग मागवणारी गिऱ्हाइकं आहेत. थोडी, पण आहेत. पत्ते खेळता येतच नसतील, तर हाताच्या संचाला दहावं गिऱ्हाईकही कुठून येणार?

खटपट्या

मी अजूनही म्हणतो, बघा आणि पुढे जा. (हलके घ्या. विळीची लिंक कुणी देईल का?)

भटक्या_बोका

तोवर या संचाचं काय करायचं ते ठरवलं. दहा रंगांची स्केचपेनं आणली आहेत, १२० पानांच्या कडा रंगवायला बसतो. गडी, कुठल्या अवताराला कुठला रंग ते जरा इथे टाका. आणि ठाणे-मुलुंडकडचे दोन भिडू हवेत, शनिवारी रात्री. म्हणजे कृष्णाची उतारी.

तिसरा_गडी

तक्ता संध्याकाळी टाकतो. तेलकट पेनं घ्या, पाण्याची बोटांना लागतात. मुलुंडला मी येईन.

चिंचोका

अखेर हातानेच रंगवताय, बघा! खेळा खुशाल. पण त्या विक्रेत्याला मासा कुणाचा ते विचारा, आणि तो काय उत्तर देतो ते इथे चिकटवा. त्याशिवाय मी धागा सोडत नाही.