अंजिराचं रोप: फळं लागलेलं मोठं घेऊ की लहान? (अमळनेर, काळी माती)

गिरजा_अमळनेर
नमस्कार मंडळी. घरामागं १५ बाय २० फुटाची मोकळी जागा आहे, माती पक्की काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सासरे मागच्या फेब्रुवारीत सासवडला नणंदबाईंकडं गेले होते, तिथं झाडाखाली उभं राहून ताजे अंजीर खाल्ले अन् तेव्हापासून एकच ध्यास, आपल्या दारात अंजीर पाहिजे. काल नर्सरीत गेले तर दोन रोपं दाखवली, एक ५ फुटाचं, त्याला ४-५ फळं लागलेली, ४५० रुपये, अन् दुसरं दीड-दोन फुटाचं १२० ला. तो म्हणतो मोठं न्या, लगेच खायला मिळतील. मला मोठंच घ्यावंसं वाटतंय पण ते एवढ्याशा पिशवीत आहे. जागा म्हणाल तर दरवर्षी भरिताची वांगी लावते तो वाफा आहे, भुसभुशीत झालाय, तिथंच लावीन म्हणते. आत्ता मे मध्ये लावू का थांबू? अन् जात कोणती घेऊ?

यावलचा_केळीवाला
ताई, लहान घ्या. पिशवीतल्या झाडाला फळं लागणं काही मोठी गोष्ट नाही, अंजिराची छाटकांडी जगली की वर्षभरात बी फळ धरते, पण ५ फुटाचं झाड एवढ्याशा पिशवीत म्हणजे मुळ्या आत गोल गोल गुंडाळल्या असणार, जमिनीत गेल्यावर बी त्या तशाच गोल फिरत राहतात अन् झाड दोन वर्षं जागचं हलत नाही. घेताना पिशवीचं बूड बघा, मुळ्या पांढऱ्या पाहिजेत, काळ्या-मऊ नको. बुंध्याशी अंगठ्याएवढी जुनी कांडी अन् तिच्या डोळ्यातून फुटलेली फांदी दिसली तर समजा कलमाचं आहे. बियांचं रोप फुकट दिलं तरी नका घेऊ. बाजारातल्या सुक्या अंजिराच्या बियांपासून केलेली रोपं अर्धी नरासारखी निघतात, अन् उरलेल्यातल्या बऱ्याच झाडांना फळ धरायला एक खास बारीक माशी लागते, ती नसली की कच्चीच गळतात. पूना जातीला फळ धरायला त्या माशीची गरज नाही. पुरंदरकडं तीच आहे, २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते याच जातीचं. सासवड पुरंदर तालुक्यातच, म्हणून सासऱ्यांनी तिथं खाल्ले ते बी बहुतेक तेच असतील. दिनकर मिळाली तरी चालेल.

धुळ्याची_मावशी
गिरजा बेटा, वांग्याच्या वाफ्यात अजिबात लावू नको!! हे मी माझं एक झाड घालवून शिकलेय. वांगी, टमाटे, भेंडी यांच्या मुळांवर सूत्रकृमी म्हणजे बारीक जंत असतात, डोळ्याला दिसत नाहीत, अन् अंजीर म्हणजे त्यांचं आवडतं खाणं. माझं झाड पहिलं वर्ष मस्त वाढलं, मग पानं लहान लहान यायला लागली, भर दुपारी पाणी असून माना टाकायचं, मी आपली खत घालत बसले, पाणी वाढवत बसले, शेवटी उपटलं तर मुळांना मण्यांच्या माळेसारख्या गाठी. फार वाईट वाटलं गं, तीन वर्षांचं झाड होतं. तू आधी एक वांग्याचं झाड उपट अन् मुळं धुऊन बघ. गाठी दिसल्या तर दुसरीकडं जागा बघ, खड्ड्यात किलोभर निंबोळी पेंड टाक अन् भोवती झेंडू लाव.

शहादा_मळेवाला
वरचं दोन्ही बरोबर. मी काळ्या मातीबद्दल बोलतो, कारण आपल्याकडं अंजीर मरतं ते उन्हानं कमी अन् पावसाळ्यात साचलेल्या पाण्यानं जास्त. सगळे सांगतात २ फुटाचा खड्डा घ्या, शेणखत-वाळू भरा. पण चिकण काळ्या मातीत असा भुसभुशीत खड्डा म्हणजे हौद होतो, चारी बाजूचं पाणी त्यात उतरतं अन् बाहेर निघत नाही, मुळ्या सडतात. म्हणून खड्डा भरताना काढलेलीच माती निम्मी घ्या, बाकी मुरूम अन् चांगलं कुजलेलं शेणखत एक-दोन टोपली, अन् वर जमिनीपेक्षा फूटभर उंच ओटा करा, ४ फूट रुंद. रोप त्या ओट्यावर लावा. मे मध्ये लावू नका, ४४-४५ डिग्रीत कोवळं रोप करपतं. खड्डा आत्ता खणून उन्हात तापू द्या, लावा जूनच्या शेवटी दोन चांगले पाऊस झाल्यावर.

यावलचा_केळीवाला
@शहादा_मळेवाला भो, ड्रीप असेल तर मे मध्ये बी जगतं, मी जगवलंय.

शहादा_मळेवाला
जगतं दादा, पण तुमच्याकडं केळीची सावली होती. ताईंच्या मोकळ्या अंगणात पश्चिमेचं ऊन थेट येईल. घाई कशाला, महिन्याचाच प्रश्न आहे.

गिरजा_अमळनेर
मावशी, आज सकाळी दोन वांगी उपटली, दोन्हीच्या मुळांना गाठी!! सासरे पण बघत राहिले. तुम्ही सांगितलं नसतं तर तिथंच लावलं असतं. आता पूर्वेच्या कंपाउंडकडं जागा ठरवलीय, तिथं आजवर नुसतं गवत होतं. दुपारीच जाऊन रोप आणलं, १२० वालंच, पूना म्हणून सांगितलंय, बुडाची कांडी बघून घेतली, मुळ्या पांढऱ्या आहेत. पाऊस पडेपर्यंत पिंपाच्या आडोशाला ठेवते. खड्डा सासरे स्वतः खणणार म्हणतात, मला हात लावू देत नाहीत. अजून काही राहिलं का?

धुळ्याची_मावशी
शाब्बास! पाण्याच्या टाकीपासून अन् सेप्टिक टँकपासून १०-१५ फूट लांब ठेव, मुळ्या ओल शोधत जातात. बुंध्याभोवती केळीची वाळलेली पानं अंथर, पण खोडाला चिकटवू नको. पावसाळ्यात पानाखाली तपकिरी पूड दिसली की तो तांबेरा, पडलेली पानं गोळा करून जाळ अन् बोर्डो मिश्रण (मोरचूद अन् चुन्याचं पाणी) मार. पावसाळ्यातली फळं पाणचट लागतात, त्यावरून झाडाला नावं ठेवू नका, गोडी उन्हाळ्याच्या तोंडच्या फळांना. अन् कच्चं तोडू नका, अंजीर तोडल्यावर पिकत नाही. देठ मऊ होऊन फळ खाली लोंबलं की मग. सासऱ्यांना सांग तोडताना चीक अंगाला लागू देऊ नका, उन्हात त्यानं कातडी भाजल्यासारखी होते.