पीट मॉस नको, डोंगराची लाल मातीही नको: ठाण्यातल्या गॅलरीसाठी कुंड्या कशाने भराव्यात?

गॅलरी_कोलशेत

कोलशेत, चौथा मजला, पूर्वेची गॅलरी. ऊन सकाळी साडेदहापर्यंत. १२ इंची १४ कुंड्या: कढीपत्ता, लिंबू, तुळस, जास्वंद, मिरची आणि थोड्या पालेभाज्या. दिवाळीनंतर सगळ्या नव्याने भरायच्या आहेत.

नर्सरीतल्या तयार मिश्रणाच्या पिशवीवर घटकांत पीट मॉस असतं. सुटी मिळते ती लाल माती, म्हणजे कुठल्यातरी डोंगराचा कापलेला उतार. दोन्ही टाळायचं आहे.

१. कोकोपीट चालेल का, की तेही पीटच?
२. पावसाळ्यात मिश्रण दाबून घट्ट होतं आणि मुळं कुजतात. त्यात काय घालावं?
३. फुलपाखरं, मधमाश्या, शिंजीर (फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी) यायला हवेत. डास आणि पारवे नकोत. याचा मेळ कसा घालायचा?

पानगळ

आधी पहिला प्रश्न. पीट मॉस म्हणजे थंड प्रदेशातल्या दलदलींत स्फॅग्नम नावाचं शेवाळ अर्धवट कुजून साचलेला थर. तो वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. जगातल्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागात या दलदली आहेत, पण त्यांत जगातल्या सगळ्या जंगलांहून जास्त कार्बन साठलेला आहे. दलदल उपसून सुकवली की तो हवेत जायला लागतो. कोकोपीटचा याच्याशी संबंध फक्त नावापुरता. ते नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा आहे.

तरी माझ्या मते आपल्याकडे मिश्रणाचा कणा कोकोपीट नसावा, पानखत असावं. फेब्रुवारी ते एप्रिल ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, करंज, जांभूळ यांची पानं पोत्यांनी पडतात आणि कचरागाडीत जातात. पीट जे करतं ते सगळं, म्हणजे पाणी धरणं, हलकं राहणं, मुळांना हवा देणं, हे पानखत करतं. शिवाय ते इथलंच आहे.

१० घमेल्यांचं माप असं:
पानखत ४
चाळलेलं तयार कंपोस्ट २
जुन्या कुंड्यांतली माती २
भाताचं तूस १
विटांचे वाटाण्याएवढे तुकडे १

तूस भिवंडी, मुरबाड, शहापूर भागातल्या भातगिरण्यांत मिळतं. त्यात सिलिका भरपूर असल्यामुळे ते हळू कुजतं आणि एक-दोन पावसाळे मिश्रण पोकळ ठेवतं. विटांचे तुकडे चाळून घ्या. भुकटी गेली तर तीच गाळासारखी बसते. नदीची वाळू नको, तिच्या उपशाने नद्यांचे काठ ढासळताहेत. क्रश सँडमध्येही (दगड फोडून केलेल्या वाळूत) बारीक पूड फार असते. ती घालायचीच तर धुऊन घाला.

तुमची मुळं कुजण्यामागे एक सवय असू शकते: तळाशी खडीचा थर. त्याने निचरा वाढत नाही. बारीक कणांतलं पाणी भरड थरात सहज उतरत नाही. वरचा थर पूर्ण तुडुंब होईपर्यंत ते वरच अडून राहतं. म्हणजे खडी जितकी उंच, तितका ओला पट्टा मुळांच्या जवळ येतो. भोकांवर जाळीचा तुकडा किंवा नारळाची शेंडी ठेवा आणि थेट मिश्रण भरा. भोकं किमान ४ हवीत, प्रत्येक बोटभर रुंद.

१२ इंची निमुळत्या कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण मावतं. १४ कुंड्यांना २१० लिटर लागेल. पहिल्या पावसात पातळी तीन-चार बोटं खाली जाईल. तेव्हा उकरू नका, वरून कंपोस्टची भर टाका.

मातीकण

पानखताबद्दल सहमत, पण कोकोपीट अगदी बाद करू नका. कढीपत्ता आणि लिंबू सोडून बाकी कुंड्यांत, विशेषतः मार्च ते मे, एक-दोन घमेली असल्याचा फायदा होतो. मात्र ते नीट धुवायला हवं. सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे भुशात सोडियम आणि पोटॅशियम अडकलेलं असतं. ५ किलोच्या विटेला २०-२५ लिटर पाणी लागतं आणि फुगून ६५ ते ७५ लिटर भुसा होतो. पाणी तीनदा बदला. न धुतल्याची खूण म्हणजे पानांच्या कडा करपणं. दुसरी अडचण अशी की हा भुसा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो. म्हणून निव्वळ कोकोपीटमध्ये मिरचीचे शेंडे वाकडे होतात आणि लोक तो रोग समजून फवारण्या करतात. मिश्रणात थोडी खरी माती असली की हा त्रास बराच कमी होतो.

आता कंपोस्ट. विकतचं 'शेणखत' अनेकदा अर्धकच्चं असतं. कच्चं खत कुंडीत कुजताना नत्र स्वतःकडे ओढतं आणि झाड पिवळं पडतं. म्हणून घरचं करा. रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या स्वच्छ धुऊन घ्या. बाजूंना आणि तळाला बोटाएवढी भोकं, तळात वीतभर नारळाच्या शेंड्या. रोज एक वाटी ओला कचरा घातला की त्यावर दोन वाट्या चुरलेली सुकी पानं. सुरुवातीला एकदा आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडा. आठवड्यातून एकदा तळापासून हलवा. मूठ दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार नको.

काय बिघडतं ते वासावरून कळतं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही: सुकी पानं घाला आणि उलथा. डोळ्यांना झोंबणारा अमोनिया म्हणजे ओलं जास्त: पानांचा थर दुप्पट करा. करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. कचरा झपाट्याने खातात आणि त्यांची माशी अन्नावर बसत नाही. त्यांना मारू नका.

बादली भरली की दुसरी सुरू करा. दोन ते तीन महिन्यांत काळं, सुटं, पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत होतं. मग चाळून १५ दिवस सावलीत ठेवा. पारख सोपी आहे: ओल्या खतावर हळिवाचे १० दाणे टाका. तीन-चार दिवसांत ८ किंवा जास्त उगवले आणि मुळं पांढरी असली तर खत तयार.

ठाण्यात सगळ्यात जास्त बादल्या जुलैत बिघडतात, कारण सुकी पानं संपलेली किंवा भिजलेली असतात. मेअखेरपर्यंत दोन पोती पानं छपराखाली साठवा.

शिंजीर_ऐरोली

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. फुलपाखरांना फुलांइतकीच अळीच्या खाण्याची झाडं लागतात आणि ती तुमच्याकडे आहेतच. कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम फुलपाखरू अंडी घालतं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ साली जाहीर झालेलं, तेही लिंबाच्या कुळावरच वाढतं. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. साधारण दोन आठवडे खाते आणि कोषात जाते. छोटं झाड उघडं पडू नये म्हणून कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवा आणि अळ्या वाटून द्या. जागा असेल तर पानफुटी लावा, तिच्यावर रेड पिएरो येतं.

तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, निम्म्या फुलू द्या. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या आणि डंख नसलेल्या छोट्या मधमाश्या तिथे हमखास येतात. पानं कापणाऱ्या माश्यांसाठी पोकळ बांबूचे १५ सेंटिमीटरचे तुकडे, आतलं भोक ६ ते १० मिलिमीटर, एक टोक पेराने बंद, पाऊस लागणार नाही असे बांधा. गुलाबाच्या पानाला गोल कातरे दिसले तर ते यांचं काम, रोग नव्हे. जास्वंद आणि हमेलिया या फुलझाडावर शिंजीर येतो.

पक्ष्यांना पाणी ठेवा, दाणे नको. दाण्यांनी पारवेच येतात आणि त्यांची वाळलेली विष्ठा फुप्फुसांना घातक आहे. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, रोज ओता आणि घासा. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. कुंड्यांखालच्या ताटल्या जून ते ऑक्टोबर काढूनच टाका.

आणि माळीकाकांना आधीच सांगून ठेवा. दाणेदार फोरेट या कीटकनाशकावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे, तरी ते कुठे शिल्लक दिसलं तर घेऊ नका. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मातीत ओतलं की मुळांतून मकरंदापर्यंत जातं, मग मधमाश्या बोलावण्यात अर्थ उरत नाही. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा. नाही गेला तर १ लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण, सूर्यास्तानंतर, फुलं आणि अळ्यांची झाडं वगळून.

नर्सरीतून आलेल्या कुंडीची माती एकदा उपसून बघा. आफ्रिकन गोगलगायीची अंडी पिवळसर, साधारण ५ मिलिमीटरची, झुपक्याने असतात. ती तिथेच चिरडा.

गॅलरी_कोलशेत

खूप उपयोग झाला. अडचण एकच: पानखत आज हाताशी नाही आणि दिवाळी तोंडावर आहे. येऊरच्या पायथ्याची कुजलेली पानं आणली तर?

पानगळ

येऊरची नकोत. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून काहीही आणायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मनाई आहे. आणि तो पाचोळा तिथल्या झाडांचं खत आहे. घोडबंदर रोडच्या कडेचीही नकोत, वाहनांची काजळी बसलेली असते. सोसायटीच्या आतल्या झाडांची घ्या.

या वर्षी असं करा. जुनी माती फेकू नका. ताडपत्रीवर पसरा, मुळं वेचा, हुमणीच्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर काढा आणि तीन दिवस कडक ऊन द्या. मग जुनी माती ५ घमेली, गांडूळखत २, धुतलेलं कोकोपीट २, तूस १. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड. वर दोन बोटं सुक्या पानांचं आच्छादन, खोडापासून थोडं लांब.

पुढच्या वर्षासाठी फेब्रुवारीत कोंबड्यांच्या जाळीचं तीन फूट रुंद, तीन फूट उंच पिंप करा. पानं चुरून, थरांवर पाणी आणि शेणकाला शिंपडत दाबून भरा. एप्रिल-मेत आठवड्याला एकदा भिजवा, पुढे पाऊस सांभाळून घेतो. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तीन-चार महिन्यांत मोडतात, जांभूळ-करंजाला ऑक्टोबर उजाडतो. देशी बदाम, फणस आणि बांबूची पानं वेगळी ठेवा. ती वर्षभर तशीच राहतात, आच्छादनालाच बरी. सोसायटीला जागा मागताना कुंपणाच्या सावलीचा कोपरा मागा, भिंतीपासून फूटभर सोडून, म्हणजे ओल येण्याची तक्रार येणार नाही.