तीन वर्षांच्या पोरासाठी काय घ्यावं? बजेट १,५०० (दर्यापूर तालुका)

कपाशीची_माय: माझ्या जावेच्या पोराला रक्ताची हगवण लागली. चार दिवसांत थांबली, आम्ही निश्चिंत झालो. आठव्या दिवशी लघवीच नाही, तोंड सुजलं. नागपूरला डायलिसिस लागलं. खाण्यापिण्यातून जंतू गेला म्हणाले. आता माझ्या मुलाची धास्ती बसली. फिल्टर घेऊ की दूध तपासायचं यंत्र? सोयाबीनचे पैसे यायचे आहेत, दीड हजाराच्या वर जमणार नाही.

पूर्णाकाठ: आरओच घ्या. मी १४,००० चा बसवला, एक नंबर. आपलं खारपाण, म्हणजे पाणीच खारं, उकळून खार जात नाई.

वऱ्हाडी_दादा: ताईनं दीड हजार सांगितले न बाप्पा! अन् खाराचा या जंतूशी काय संबंध? पाणी उकळा.

पूर्णाकाठ: संबंध कसा नाई? आमच्या गावात मोठ्या माणसांच्या किडन्या जाऊन राहिल्या.

गोठा_अचलपूर: घरची गाय पाळा. आमची पोरं धारोष्ण दुधावर वाढली, कोणाले काही झालं नाई.

नर्स_अकोट: धारोष्ण अजिबात नको. गाय धडधाकट असली तरी शेणात ई. कोलाय ओ१५७ हा जंतू असू शकतो, सडावरून दुधात येतो. त्याचं विष रक्तात गेलं की लाल पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात, किडनी बसते. पाच वर्षांखालच्या लेकरांना धोका जास्त. मटण कापलेल्या सुरीनं काकडी चिरली तरी पुरे होतं. ताई, हगवण थांबली म्हणजे सुटलो असं नाही, पुढचा आठवडा लघवी मोजा. लेकरू पांढरं पडलं, सुजलं, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त पडत असताना मेडिकलवरून हगवण बंद करायची गोळी किंवा अँटिबायोटिक मनानं देऊ नका.

वऱ्हाडी_दादा: म्हणजे उकळाच. मी तेच सांगितलं.

वरुडकर_आजोबा: उकळून सगळं जात नाही. आमच्या शेजारच्या छिंदवाड्यात २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. लेकरांच्या किडन्या गेल्या, नागपूरला आणूनही कितीक वाचली नाहीत. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे रसायन कालवलं, प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून. जवळपास ३ लाख लेकरं आजारी पडली, कितीकांना मूतखडे झाले. माझ्या नातवाला मी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेंबभर औषध देऊ देत नाही.

गोठा_अचलपूर: म्हून तर म्हणतो, घरची गाय!

कपाशीची_माय: सगळ्यांचं वाचलं. आरओ नाही, गाय नाही, यंत्रही नाही. तोटीवाली स्टीलची टाकी आणली, १,२५० रुपये. आमच्याकडे सगळे माठात हात बुडवून गिलास भरत होते, पोरगाही, अंगणातून आला तसाच. आता उकळलेलं पाणी टाकीत, तोटीखाली साबण. उरलेल्या पैशांत मटणाची वेगळी सुरी घेतली. नर्सताई, दूध आजपासून उकळी आल्याशिवाय कोणालाच नाही, सासऱ्यांनाही सांगितलं.

पूर्णाकाठ: टाकीनं खार जाणार नाई.

कपाशीची_माय: माहीत आहे दादा. सोयाबीन विकलं की तुमच्या आरओचं विचारते.